एकाच लाइनीवर दिलेल्या

निंभोरा, ता. आर्वी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मंदेस, रुख्माताईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हा कागद. तुझ्या नातीला, अंकिताला म्हणावं, आजीच्या कानाशी बसून सावकाश वाच. इकडे सगळं बरं आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. माझ्या धनंजयच्या गाईला कालवड झाली.

दिवाळीला येते म्हणाले होते, आले नाही. रागावली असशील. लहानपणापासून तुझा राग जेवणावर निघतो.

आपल्या टेशनाचं विचारलं होतंस. काय सांगू? रूळ कधीच उचलून नेले. यंदा छप्परही बसलं, तिकिटाच्या खिडकीतून बाभूळ बाहेर आली आहे. आपल्या छोट्या गाडीच्या जागी मोठी गाडी येणार म्हणतात. येवो, नाहीतर न येवो. इंजिनाच्या पाण्याचा नळ तेवढा उभा आहे. तू पुलगावला माहेरी निघालीस की त्याच्याखालीच आपली भेट व्हायची. तू डब्याच्या खिडकीत, मी खाली भाकर-ठेचा घेऊन. इंजिनाची टाकी भरायची, आपलं बोलणं संपायचं नाही. रामाजी गार्ड शिट्टी तोंडात धरून थांबायचा. "झालं का बाई तुमचं? का गाडी इथंच मुक्कामाले ठेवू?"

बाबा त्याच लाइनीवर सांधे बदलणारे पॉइंटमन. आई भांडली होती, "पोरी इतक्या लांब काऊन देऊन राह्यले?" तर म्हणाले, "लांब कुठं? एकाच लाइनीवर हायेत दोघी. एक गाडीत बसली का दुसरीच्या दारात उतरन." त्यापायी त्यांनी चांगली चांगली स्थळं सोडली. मला आता त्यांचा राग येतो, मंदे. मेलेल्या माणसावर रागवू नये, तरी येतो.

तुझा निरोप मिळाला होता. पाण्याचा घोटही उतरत नाही, ताईला एकदा पाहू दे, म्हणालीस. धनंजय कापूस घेऊन बाजारात गेला होता. मला धीर धरवला नाही. बस मला लागते, दोन गाड्या बदलायच्या म्हणजे जिवावर येतं. मी भाकर बांधली आणि टेशनावरून निघाले, रूळ होते त्या वाटेनं. वाटलं, लाइन कशी चुकेल? ती तर सरळ तुझ्याच गावात जाते.

थोडा भराव लागला. पुढे कुणी नांगरून तूर पेरलेली. तुरीतून वाट काढत गेले, तर नाल्यावर पूलच नाही, नुसते खांब. उतरायला गेले आणि पडले.

मांडीचं हाड मोडलं. सेवाग्रामला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन छातीला झेपायचं नाही. आता ही खाट आणि मी. "मावशीले नोको सांगू," धनंजय म्हणतो. पण न सांगून काय होईल? तू दाराकडे डोळे लावून जीव अडकवून धरशील. तिकडे तू तळमळतेस आणि इकडे मला कूसही बदलता येत नाही. देवानं इतकं वाईट कुणाचं करू नये.

मंदे, मी येत नाही. आता कधीच येत नाही. माझी वाट पाहू नको. अंकिताच्या हातानं ओठ ओले करून घे आणि नीघ. या वेळी मी गाडी थांबवून धरत नाही.

नाल्याच्या अलीकडेच राहिलेली,
तुझी रुख्माताई