एका गाण्यामागे दीड लाख डॉलर

चँडलर, ४ मार्च २०२४

ती. सुमित्राकाकूंस, अनीशचा सा. न. वि. वि.

फोनऐवजी कागद आला म्हणून दचकू नका. या विषयावर ईमेल नको, व्हॉट्सॲप नको, असं वकिलाने बजावलंय. पत्राचं तो काही बोलला नाही. पत्रं अजून लिहितात हे त्याला बहुधा माहीत नसावं.

तुमच्या पंचाहत्तरीला मी तुमची अठ्ठ्याऐंशी सालची कॅसेट इंटरनेटवर टाकली होती. आठही गाणी, कुणीही उतरवून घ्यावीत अशी. गेल्या आठवड्यात नोटीस आली. कॅसेट काढणारी नागपूरची ती कंपनी कुणीतरी विकत घेतली होती, त्यांना आणखी कुणीतरी घेतलं. आता गाणी यांची. कोर्टात गेले तर एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत मागता येतात म्हणे. सगळ्या प्रती नष्ट करून तसं लिहून दिलं तर सोडतील. माझं ग्रीन कार्ड अडकलेलंच आहे. त्यात कोर्टाची भानगड नको. तुम्ही तेव्हा कशावर सही केली होती का?

रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमचा
अनीश


श्रूजबरी, १२ मार्च २०२४

चि. अनीशास अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी आठ गुणिले दीड लाख केलं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच गायिका म्हणून पाहिलं. ती कॅसेट एकूण दोनशे बारा खपली होती. त्यातल्या चाळीस ह्यांनीच घेऊन लग्नामुंजीत वाटल्या. तेव्हा तो आहेर होता.

सही केली होती. रेकॉर्डिंग संपल्यावर त्यांनी स्टुडिओतच शाल-श्रीफळ दिलं आणि कागद पुढे केला. अंगावर शाल असताना कागद वाचत बसणं बरं दिसलं नसतं.

विकत घेतलं त्याचं, हे मला मान्य आहे. फुकट वाटू नये, हेही. पण तू तीच कॅसेट दुकानातून चोरली असतीस तर थोडक्यात सुटला असतास. वाटलीस म्हणून घरदार विकायचं? हे कुणी ठरवलं, त्याला गाणं आवडत होतं का?

असो. काय हवं ते लिहून दे. फक्त कॅसेट परत पाठव. माझ्याकडे दुसरी नाही आणि आता गळाही उरलेला नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात घट नाही.

काकू


चँडलर, १९ मार्च २०२४

ती. काकूंस सा. न.

तुमचं पत्र काल मिळालं. मी परवाच सगळं उरकलं होतं. नोटिशीत 'सर्व प्रती' असं होतं. मूळ कॅसेट प्रत धरायची का, असं वकिलाला विचारलं. शंका असेल तर धर, म्हणाला. मी धरली. हातोड्याने फोडली आणि फोटो पाठवला.

ज्यांनी गाणी उतरवली होती त्यांनाही पुसायला लावली. ईडन प्रेरीहून रेणूताईने पुसली असं कळवलं, मग भित्रा म्हणाली, मग फोन ठेवला. तेव्हापासून बोलत नाही.

क्षमा मागण्याचीही लाज वाटते.

अनीश


श्रूजबरी, ३० एप्रिल २०२४

चि. अनीशास अ. उ. आ.

तुझी सुटका झाली, बरं झालं.

आता कंपनीचं पत्र मला आलंय. फार सभ्य आहे. तुझ्यामुळे हजारभर लोकांनी गाणी ऐकली, तेव्हा ती विकायला काढावीत असं त्यांच्या मनात आलं. पण मूळ टेप त्यांच्याकडे नाही. मालकी आहे, गाणी नाहीत. माझ्याकडे एखादी प्रत असल्यास पाठवावी, माझा सत्कारही करतील. फुटक्या कॅसेटचा फोटो पाठवू का, असं ह्यांना विचारलं. तो त्यांच्याकडे आहेच, म्हणाले.

त्याआधी एक पाकीट आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण अक्षर रेणूचं. लहानपणी मीच गिरवून घेतलेलं. आत पेनड्राइव्ह. आठही गाणी आहेत. तिने पुसली नव्हती. तुझ्यासारखी कायद्याला घाबरली असती तर आज काहीच उरलं नसतं.

कंपनीला मी लिहून दिलं, प्रत नाही. खाली सही केली. या वेळी वाचून केली.

दुपारी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि आवाज बारीक ठेवून ऐकतो. शेजारी कुणाला मराठी येत नाही, तरी.

रेणूला तू आपण होऊन फोन कर. तुझ्यावरची माया माझ्याकडेच आहे, ती कुणाच्या नावे लिहून दिलेली नाही.

काकू