हसण्याआधीचा फोटो

काचीगुडा, रविवार दुपार

प्रिय योगिनीताई,

हे पत्र माझ्या आप्पांच्या हाती पाठवते आहे. तुझा फोन डॉक्टरांनी तुझ्या आईकडे, सुजाताकाकूंकडे, ठेवायला सांगितलाय हे मला माहीत आहे, आणि काकूंशी बोलायची माझी हिंमत होत नाही. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आधीच बंद केला. सकाळपासूनचा हा तिसरा कागद. पहिल्यावर नुसतं ‘कशी आहेस’ लिहून थांबले, कारण तू कशी आहेस ते मला कळतंय आणि त्यात माझा वाटा किती आहे, तेही.

उद्या अकरा वाजता तुझ्या अर्जाची फेरसुनावणी आहे. कामामुळे आलेलं आजारपण म्हणून तू रजा आणि उपचार मागितलेस, कंपनीने नाही म्हटलं, आणि उद्या ते शेवटचं ठरणार. एचआरकडून बोलायला मला बसवलंय. तिथे सगळं क्रमाने सांगता यावं म्हणून आधी तुलाच लिहून बघते. सगळं वाचवत नसेल तर मधलं सोड, शेवटचा परिच्छेद तेवढा वाच.

ऑगस्टमध्ये तू मला दोन पानी तक्रार दिलीस. तुझे मॅनेजर गौतम सर सकाळच्या मीटिंगमध्ये तुझे मेल मोठ्यांदा वाचतात, तुझ्या आवाजाची नक्कल करून. ‘पुण्याच्या मॅडमला सब मालूम है’ म्हणतात आणि तुझी सगळी टीम हसते. हे तू लिहायच्या आधीच मला माहीत होतं, ताई. एकदा हजेरीचा कागद घेऊन मी दारात उभी होते, तेव्हा मीही हसले होते. आवाज नव्हता, पण हसले होते. तू पाहिलंस का, हे विचारायचं मी आजवर टाळलं.

लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी समितीपुढे ठेवायची, हा नियम नव्या लोकांना मीच समजावते. तरी तुझी दोन पानं मी ड्रॉवरमध्ये ठेवली. मला वाटलं, समिती आली की फाईल आली, फाईल आली की कायमचं वैर आलं. त्यापेक्षा माणसं समोरासमोर बसवावीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पण भांडण मिटवायचं मी आप्पांकडून शिकले. आप्पा स्टेशनजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम आहेत. दोन हमालांचं जुंपलं की ते दोघांना कोपऱ्यावरच्या इराण्याकडे नेतात आणि वन बाय टू मागवतात. एक चहा, दोन कपांत अर्धा अर्धा. प्यायला की मिटलं, मग कुणी मागचं काढायचं नाही. लहानपणी शेजारी उस्मानिया बिस्किट खात बसून मी ते कितीदा पाहिलंय. नोकरीच्या मुलाखतीतही मी हेच सांगितलं होतं आणि आमच्या एचआरच्या प्रमुख वैशाली मॅडमना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते ऑफिसात सुरूच करायला लावलं. कँटीनमध्ये चहा, एक फोटो, फोटो फाईलला आणि ग्रुपवर.

गौतम सरांबरोबरच्या त्या चहाला जाताना लिफ्टमध्ये तू विचारलंस, ‘त्रिवेणी, हे बसणं गरजेचंच आहे का गं?’ आणि मी म्हटलं, ‘ताई, एकदाच. माझ्यावर विश्वास ठेव.’ तू ठेवलास. तू मला पहिल्या आठवड्यापासून सांभाळलंस, डब्यातलं अर्धं थालीपीठ न विचारता माझ्या झाकणात ठेवलंस, माझ्या तेलुगू वळणाच्या मराठीला कधी हसली नाहीस. माझा शब्द तू कसा मोडणार होतीस? गौतम सर लगेच तयार झाले होते, तिथेच मला कळायला हवं होतं.

चहाच्या दुसऱ्याच सकाळी मीटिंगमध्ये त्यांनी सुरू केलं, ‘अरे, मॅडमसाठी वन बाय टू मागवा, नाहीतर कम्प्लेंट जाईल!’ मग ते रोजचंच झालं. तू माझ्याकडे आलीस आणि मी म्हटलं, थोडे दिवस दे, मस्करी आहे ती. अकराव्या दिवशी ऑफिसचा स्टॉप आला आणि तुला बसमधून उतरताच आलं नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरबाईंनी तुझ्याच फोनवरून काकूंना बोलावलं. त्या मस्करीतला चहा माझा होता, ताई. त्यांच्या हातात तो मी दिला.

तुझ्या अर्जावर आलेलं उत्तर तू वाचलंस की नाही, माहीत नाही. तक्रार दोघांच्या संमतीने मिटली, नंतरच्या छायाचित्रात कर्मचारी प्रसन्न दिसतात, सबब आजाराचा कामाशी संबंध आढळत नाही. खाली जोडलेल्या कागदावर सही माझी. उद्या हेच कायम राहिलं तर तुझी रजा गैरहजेरी ठरेल, नोकरी जाईल, आणि सबंध ऑफिस म्हणेल की तू नाटक केलंस.

शुक्रवारी वैशाली मॅडमनी मला बसवून घेतलं. रागावल्या नाहीत, उलट पाणी दिलं. म्हणाल्या, ‘बेटा, फाईलमध्ये आहे तेवढंच बोल हां. तुझं कन्फर्मेशनचं लेटर याच महिन्यात आहे.’  तेव्हापासून जेवण जात नाही. गोदामात आप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी पक्की होणार. मी सकाळपासून तोंडाने वाक्यं जुळवते आणि तिसऱ्या वाक्याला अडखळते. तुला त्या मीटिंगच्या दाराशी रोज असंच होत असेल. मला हे तीनच दिवस झालेत.

काल आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील.  पण ते म्हणाले, ‘हमालाचं अलग हाय, बेटी. दोघंबी पोतं उचलणारे. एकाच्या हातात दुसऱ्याची रोटी असती, तर मी चहा नस्ता पाजला.’ एवढं साधं मला का सुचलं नाही, म्हणून मी रडले, तर म्हणाले, ‘रडून काय होते? सोमवारी कोण बोलणार, तू का मी?’

तर मी बोलणार आहे. तक्रार माझ्याकडे कोणत्या तारखेला आली, समितीपुढे मी का ठेवली नाही, चहानंतर काय सुरू झालं, तू पुन्हा आलीस तेव्हा मी काय म्हटलं, सगळं. तुझी दोन पानं माझ्याकडे आहेत, ती उद्या देईन. ते माझं आहे, त्यासाठी तुला विचारायचं कारण नाही. पण एक गोष्ट तुझी आहे. त्या चहाच्या दिवशी मी फोटो दोन काढले होते. पहिल्यात गौतम सर स्वतःच्या फोनमध्ये बघताहेत आणि तुझे डोळे भरलेत, खालचा ओठ दातांत धरलाय, कपाला हातही लावलेला नाहीस. तो बघून मी म्हटलं, ‘ताई, हस ना थोडं,’ आणि तू माझ्यासाठी हसलीस. फाईलला दुसरा गेला. पहिला माझ्या फोनमध्ये आहे, वेळेसकट. तो दाखवला तर फाईलमधल्या हसण्याला काही अर्थ उरणार नाही. पण तो चेहरा त्या लोकांपुढे ठेवावा की नाही, हे मी ठरवणार नाही. एकदा तुझ्यासाठी मी ठरवलं, ते पुरे झालं. आप्पा खाली गेटपाशी उभे आहेत. त्यांना घाई नाही, काकूंनी वर बोलावलं तरी येणार नाहीत. याच पाकिटावर ‘दाखव’ किंवा ‘नको’ एवढंच लिहून पाठव. कोरं आलं तर मी ‘नको’च समजेन, आणि उद्या त्या फोटोशिवाय जमेल तसं बोलेन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उद्यानंतर मिळाला तर मिळाला,
त्रिवेणी