एकोणीस हिवाळ्यांचं गवत

बेमिजी, मिनेसोटा
९ मे, शुक्रवार

प्रिय हाल्वोर,

तू बरा असशील. आमचंही बरं चाललंय असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. पण बरं काही नाही. यंदा बर्फच पडला नाही. जानेवारीत अकरा दिवस पारा उणे तिसाच्या खाली आणि जमीन तळहातासारखी उघडी. वर बर्फाचं पांघरूण असलं की गवताचा गड्डा खाली तग धरतो. उघड्या जमिनीत आतपर्यंत गोठतो. हे मी तुला काय सांगायचं!

बाबा एक्याऐंशीचे झाले. तरी रोज सकाळी गुडघ्यांखाली पोतं घेऊन नर्सरीतल्या रांगांमधून सरकत असतात. प्रत्येक ठोंबातली एक वाळकी काडी ओढून बघतात. घट्ट असली तर पुढे. हातात आली तर बुडखा नाकाशी धरतात आणि भिरकावतात. काल एकट्या पूर्वेच्या वाफ्यात सत्तावीस काड्या भिरकावल्या. कर्ट म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबा ना, हे गवत उशिराच जागं होतं." तर म्हणाले, "झोपलेलं आणि मेलेलं मला वासावरून कळतं, जावईबापू."

गिऱ्हाइकांनी वेगळा वीट आणलाय. परवा एक बाई तिच्या मेलेल्या गवताची कुंडी घेऊन आली. घेतलेली कुठल्याशा मोठ्या दुकानातून, भांडायला आली आमच्याशी! म्हणे, "लेबलवर लिहिलंय, हिवाळ्यात टिकतं." मी म्हटलं, "कुठल्या हिवाळ्यात ते लिहिलंय का, बाई?" तर म्हणते, "गवतच ना हे? गवत कसं मरेल?" मी आत जाऊन गार कॉफी प्यायले. दुसरं काय करणार?

रुबार्बचे आंबट देठ वर आलेत. मुरंबा केला. बाबांनी आंबट आंबट म्हणत सगळा संपवला.

खरं तर हे लिहायला बसले नव्हते. पण आता पुरे.

१४ मे, बुधवार

पत्र पाकिटात घालून पाच दिवस फळीवर ठेवलं होतं. टाकवलं नाही. आता पुढचं लिहिते, म्हणजे टाकावंच लागेल.

सोमवारी डुलूथहून एक नवराबायको आले होते. त्यांना आठ फुटी, रुपेरी तुऱ्यांचं गवत हवं होतं, इथल्या थंडीत जगणारं. बाबांना तेवढंच निमित्त पुरतं. कुणी नवीन माणूस आलं की ते सांगतातच. गेली नऊ वर्षं मी ऐकतेय. दक्षिणेकडून आणलेलं रुपेरी गवत इथे पहिल्याच हिवाळ्यात मरायचं, म्हणून दर वर्षी त्यांनी बी पेरलं, रोपं उघड्यावर सोडली, वाचतील त्यांचंच बी पुन्हा पेरलं. एकोणीस वर्षांनी एक ठोंब असा निघाला की ज्याला काहीच होईना. त्याचे फोडून चाळीस केले आणि रस्त्याकडेला एका रांगेत लावले.

"मग कुठेय ते?" त्या नवऱ्याने विचारलं.

"माझ्या मुलाने कापलं," बाबा म्हणाले. "ऐन ऑक्टोबरात, जमिनीसरसं. वरचा पाचोळा राहिला असता तर गड्डे झाकलेले राहिले असते. त्या वर्षीही बर्फ नव्हता. एकोणीस हिवाळे त्याने एका दुपारी कापून टाकले."

बाई चुकचुकली. "मुलाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. बेफिकीर होता."

हाल्वोर, हा शब्द मी किती वेळा ऐकला असेन. दर वेळी कुंड्या मोजायला लागते, नाहीतर पाण्याची नळी गुंडाळते. सोमवारी हातात काहीच नव्हतं.

"त्याने नाही, बाबा," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं त्याला."

"काय सांगितलं होतंस?"

"कापायला. माझं लग्न होतं ना त्या शनिवारी. कर्टची आई लोरेन म्हणाली होती, फाटकापाशी हे वाळकं गवत किती भकास दिसतं. मला लाज वाटली. तो नाही म्हणत होता. दोनदा म्हणाला, वसंतापर्यंत हात लावायचा नसतो. शेवटी मी त्याला म्हटलं, बाबांनीच सांगितलंय."

डुलूथची माणसं हळूच गाडीकडे गेली. बाबा पोत्यावर तसेच गुडघे टेकून होते.

"पण मी विचारलं होतं, कुणी कापलं म्हणून. तो म्हणाला, मी."

"कापलं त्यानेच. कुणी सांगितलं हे तुम्ही विचारलंच नाही."

"तू तिथे होतीस?"

"दारात उभी होते."

त्यांनी हातमोजे काढले, एकात एक घातले. मग विचारलं, "लग्नाच्या दिवशी फाटकापाशी काढलेल्या त्या फोटोंत मी आहे?"

"मधोमध आहात."

"हसतोय?"

"हो."

उठायला मी हात दिला, तो धरला नाही. फावड्याचा आधार घेऊन उठले आणि घरात गेले.

आता तुला सांगायचं ते हेच, आणि तुला ते आधीच ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला जड जातं. लग्नानंतरच्या त्या मे महिन्यात गवत उगवलं नाही म्हणून बाबा ओरडत होते तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी बोलेन म्हणून वाट पाहिलीस की गप्प राहा म्हणून खुणावलंस, यावर मी नऊ वर्षं स्वतःशी वाद घातलाय. खुणावलंस असं धरून चालणं सोयीचं होतं. कर्टच्या घरी नवी होते, त्याची आई बाजूला उभी होती, अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. तू त्याच आठवड्यात टेक्सासला निघालास. मी तुला वाटेत खायला सँडविच बांधून दिले. सँडविच!

रागही येतो. स्वतःचा येतोच, पण बाबांचाही. एकोणीस वर्षांची मेहनत एकाच रांगेत लावतं का कुणी? दोन ठोंब शेजाऱ्याच्या आवारात टाकले असते तर आज ते गवत असतं. आणि तुझाही येतो. का नाही बोललास? राहू दे, उत्तर देऊ नकोस.

सोमवारपासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. ताट घेऊन खोलीत जातात. काल एका गिऱ्हाइकाने रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "गवत होतं. थंडीने गेलं." आणि पुढच्या वाफ्याकडे वळले.

आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी हेच कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"हाल्वोरला लिहितेस?"

"हो. तुमच्याकडून काही लिहू?"

"नको. ते मी बोलायचंय. नंबर दे त्याचा."

मी एका लेबलवर ठळक अक्षरांत लिहून दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. सकाळपासून तीनदा खोलीचं दार लावून बसले आणि तीनदा बाहेर आले. फोन काही लावलेला नाही. आपल्या घरात सगळ्यांना थंडीत टिकणारं गवत कळतं, एक वाक्य बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते.

त्यांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने बोल. आणि अनोळखी नंबरावरून फोन आला, पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, तर ठेवून देऊ नकोस. त्यांना सुरुवात करायला वेळ लागतो.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, आणि तेवढ्या सहज मिळालेली मला नको आहे.

तुझी बहीण, असं लिहायचा हक्क अजून राहिला असेल तर,
टोरिल