अर्ध्या गोळ्या

मंगळवार, अमरावती

यांच्या चष्म्याच्या डबीत आज बीपीच्या कापलेल्या अर्ध्या गोळ्या सापडल्या. औषध तेच आणत, तेच घेत. मला वाटायचं, बरोबर घेतात. अर्धीच! कधीपासून? पंधरवड्यापूर्वी लकवा मारला, डावा हात गेला, तेव्हाही बोलले नाहीत.

"तुमी काहून केलं असं?" मी विचारलं.

जीभ जड झालीय, तरी म्हणाले, "तुले दिवसभर उनात हार इकत बसा लागते. म्हणून महिन्याचं औषध दोन महिने पुरवलं."

माझ्यासाठी? मग रागवायचं तरी कसं? अर्धी गोळी... मला दिसली कशी नाही?

डॉक्टर म्हणाले, हात परत येणं कठीण. तरी व्यायाम करून घ्यायला एक माणूस येतो. आज तो गेल्यावर हे म्हणाले, "उद्यापासून त्याले नाई म्हण. तेवढेच वाचतीन."