खिडकीतली बाटली

ती. आत्याबाई,

परभणीच्या तपासणी केंद्रात बाकावर बसून हे लिहितेय. आज सकाळी तुमच्या सुनंदाच्या छातीतली गाठ काढली आणि तपासायच्या तुकड्याची बाटली पुन्हा माझ्याच हातात आली. "वहिनी, आईचं सगळं तूच केलंस, आता माझं पण तूच बघ," म्हणाल्या. सेलूहून दोन तासांत आणून दिली. रडू येत नाही. हातपाय आपापली कामं करतात.

तुमची गाठ काढली, त्याच दिवशी घट बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, लगेच परभणीला न्या. तुमचा मुलगा पुण्याला. तुम्ही मला दारातच अडवलंत. "मी अशी पडलेली, अखंड दिवा कोण बघल? दसऱ्यानंतर ने की. कुठं पळून जायलंय का ते?"

औषधात ठेवलंय, नासणार थोडंच, असं मलाही वाटलं. बाटली नऊ दिवस मोरीच्या खिडकीत राहिली.

गाठीच्या पेशीवर हार्मोन पकडणारे रिसेप्टर असले तर रोजच्या एका गोळीने आजार रोखता येतो. तुकडा औषधात फार दिवस राहिला की ते तपासणीत दिसेनासे होतात, हे मला नंतर कळलं. तुमच्या रिपोर्टात आलं, नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "बाटली लगेच दिली होती ना?"

मी म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी."

शाळेत विज्ञान शिकवते ना मी! लाज वाटली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा तपासलं असतं.

वर्षाने मानेत गाठ आली, तिच्यात रिसेप्टर निघाले. गोळी सुरू झाली तोवर आजार हाडांत पोचला होता. "एवढीशी गोळी. आधीच का न्हाई दिली गं?" तुम्ही विचारलंत. आधी लागू नव्हती, मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. इतका विश्वास कशाला ठेवलात? जायच्या आधी एकदा तरी खोदून विचारायचं होतं.

मघाशी इथल्या मुलीने विचारलं, गाठ कधी काढली? सकाळी नऊला, म्हणाले. तिने लिहून घेतलं. बस, खरं सांगायला एवढंच लागत होतं.

आज घरी गेल्यावर सुनंदावन्संसमोर बसेन. माझ्याशी बोलणं टाकतील, टाकू देत. तुम्ही दारात अडवलंत, हे मात्र त्यांना कधीच कळणार नाही. बाटली मी ठेवली आणि खोटं मी बोलले, एवढंच तुमच्या लेकीला सांगेन.

तुमची सून,
मीना