देवाच्या गाडीत बोंबील

१४ एप्रिल
गाडी आली घरी! पोयनाडच्या सदा फॅब्रिकेटरने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सगळ्या सीटा काढल्या, झोपायला दोन फळ्या बसवल्या, छोटा ओटा केला, खाली पाण्याची टाकी. परेश आत जाऊन फळीवर आडवा पडला तो उठेचना.

लग्नाला बावीस वर्षं झाली. दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही. ह्याच्या ट्रेलरच्या फेऱ्या, माझं घर, क्रांतीचं शिक्षण. आता पोरगी पुण्याला नोकरीला लागली. मेच्या अखेरीस निघायचं. कॉर्बेटचं जंगल, मग तीर्थन खोऱ्यातलं हिमालयाचं मोठं नॅशनल पार्क, शेवटी फुलांची दरी. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. महिनाभर!

१५ एप्रिल
उचलली जीभ लावली टाळ्याला!

सकाळी आई — माझ्या सासूबाई — गाडीत डोकावल्या. ओट्याला हात लावून बघितला. कुठं चाललाव म्हणून विचारलं. आणि मी पटकन म्हटलं, बद्रीनाथला.

का म्हटलं? जंगल बघायला महिनाभर चाललो, तुम्हाला एकटं टाकून, हे तोंडातून निघेना. देवाचं नाव घेतलं की कुणी काही बोलत नाही. आणि फुलांच्या दरीचा रस्ता बद्रीनाथच्या वाटेवरूनच फुटतो, म्हणजे अगदीच खोटं नाही — अशी मीच माझी समजूत घालतेय. वर शहाणपणाने विचारलंही, "चला ना आई तुम्ही पण." गुडघ्यांमुळे त्या नाही म्हणणार हे ठाऊक होतं म्हणूनच विचारलं. नाहीच म्हणाल्या. रांगेत उभं राहवत नाही, माझा नमस्कार सांगा.

मला हायसं वाटलं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार.

१९ एप्रिल
परेशला सांगितलं तर हसतोय. बरं झालं म्हणे, आता कुणी नावं ठेवणार नाही.

२६ एप्रिल
आईंनी गावभर केलं. आता रोज कोणीतरी नारळ घेऊन येतंय. आमच्या नावाने देवाला फोडा. कुणी खण देतं, कुणी सुपारी. आपल्याकडे यात्रेला एक जण निघाला की सगळ्या आळीचं गाऱ्हाणं त्याच्या पिशवीत. मी हसून घेते, ओट्याखाली ठेवते. आई उभ्या राहून कुणाचा कुठला ते सांगतात, विसरू नको म्हणतात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नारळवालं कोणी दारात आलं की मी नजर चुकवते.

३ मे
रेवदंड्याहून सुके बोंबील आणि जवळा आणला. गुपचूप. महिनाभर मासळीशिवाय राहणं आम्हा दोघांच्याने व्हायचं नाही. पण आईंनी आधीच बजावलंय, देवाच्या गाडीत सुकं न्यायचं नाही, वासही नको. तीन पिशव्यांत बांधून परेशच्या फळीखाली, चादरींच्या मागे कोंबलं.

चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. सासूपासून बोंबील लपवतेय!

९ मे
आज शेजारची तुळशी आली. तिचा गणराज पाच वर्षांचा झाला, अजून एक शब्द बोलत नाही. नारळ आणला, आणि त्याचं लहानपणचं झबलं. देवाच्या पायाला लावून परत आण म्हणाली, मग मी ते त्याच्या उशाशी ठेवीन. रडली नाही. मीच रडले. तिला वाटलं तिच्या पोरासाठी रडतेय. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमचं मन मोठं हाय."

शी! काय बाई आहे मी.

१० मे
परेशला म्हटलं, आईंना खरं सांगू या. तो म्हणाला निघायला पंधरा दिवस राहिले, आता कशाला, फुलांच्या दरीला जाताना बद्रीनाथला डोकावून येऊ की, झालं! त्याचं सगळं असं सोपं असतं. जेवलो नाही नीट, दोघंही.

१२ मे
बोंबलांनी घात केला. ऊन असं की पत्रा तापला आणि वास सुटला. आई नारळ तडकू नयेत म्हणून पाणी शिंपडायला गाडीत चढल्या आणि तिथूनच मला हाक मारली. मी गेले तर त्या फळीवर बसलेल्या, पिशवी मांडीवर.

"देवाला चालल्यास ना गो तू?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. देवाला नाही, जंगल बघायला, डोंगर बघायला. तुम्ही नाही म्हणाल म्हणूनच तुम्हाला विचारलं, हेसुद्धा सांगितलं. ते सांगायला नको होतं कदाचित. पण एकदा सुरू झाल्यावर थांबले नाही.

 आईंनी पिशवी पुन्हा बांधली, होती तिथे ठेवली आणि काठी टेकत घरात गेल्या.

१३ मे
कालपासून आई बोलत नाहीत. चहा घेतला, कप विसळून ठेवला. मी विसळते म्हटलं तर ऐकलंच नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मे
अजून नाही. परेशने जाऊन पाय धरले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढाच. मी ठरवलं, जायचंच नाही. सगळे नारळ घरोघरी परत करीन, तुळशीच्या दारात पहिली जाईन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

१५ मे
सकाळी भिजवलेले वाल सोलत होते. आई शेजारी येऊन बसल्या, मूठभर वाल ओढून घेतले. मी नारळ परत करणार म्हटल्यावर तोंड उघडलं. काही परत करायचं नाही. तू कबूल केलंस, तू न्यायचे, रांगेत तू उभं राहायचं. मग आणखी मूठभर वाल पुढ्यात ओढले.

"देवाला येतेस का, सगलीच इचारतात. डोंगर बगाला येतेस का, असा कोनी कदी इचारला न्हाय मना."

 मी विचारलं — येता का आई?

"येतंय."

खरं लिहायचं तर आनंद झाला नाही. आमचे दोघांचे दिवस गेले, हाच विचार पहिला आला. आणि आई तर लगेच विचारायला लागल्या, तिकडं थंडी किती असते, लुगड्यावर स्वेटर चालतो का, बर्फ हातात धरता येतो का.

परेशला अजून सांगितलं नाही. सदाला फोन केला — तिसरी फळी कर, खिडकीच्या बाजूला.