रेडिओची ओटी

२४ मे १९७१, सोमवार
आजही नाही. नुसतं घूं करतो, मोहोळ बसल्यासारखं. सुमननं चार महिने खपून केला मेला, आणि आता बोलायच्या वेळी तोंड शिवून बसलाय. माणूस असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

दिवे पाचही लागतात. काचेचे, आत लालसर. बघत राहावं. माझ्या नातीनं केलेत. म्हणजे दिवे श्रीरामपूरच्या दुकानातनं आणलेत, पण तारा तिनं जोडल्या, पुस्तकात बघून, एकेक. आमच्या घरात बाईमाणसानं चुलीशिवाय दुसरं काही पेटवलेलं मला आठवत नाही.

दत्तूला कौतुक नाही. माझाच मुलगा, कारखान्यात फिटर, एवढाल्या मशिनी त्याच्या हाताखालच्या, पण लेकीच्या रेडिओला बोट लावील तर शपथ. दारातनंच म्हणाला, रविवारी बसतो ऐकायला. बोलला तर नगरच्या फॉर्मवर सही करतो, न्हाई बोलला तर त्या वर्गाचं नाव पुन्हा घरात काढायचं न्हाई. म्हणाला आणि पान थुंकायला गेला. पोटचा आहे म्हणून सोडते.

वर्ग रेडिओ दुरुस्तीचा, एक वर्षाचा. मुलींना घेतात. राहायला माझी बहीण आहे नगरात, तिला मीच कार्ड टाकलं. फॉर्म दहा जूनच्या आत पोचायला हवा.

२५ मे, मंगळ.
सुमन तारांच्या सांध्यांचे सगळे डाख तपासतेय. कल्हईवाल्यासारखंच काम, तापली सळई, कथील आणि धूर. कल्हईचा वास मला लहानपणापासून आवडतो. आमच्या माहेरी एक यायचा, त्याच्या भात्याला बकरीचं... ते राहू दे.

शेजारची गोदाबाई विरजण मागायला आली. विरजण निमित्त. म्हणाली, "आत्याबाई, रेडिओचं बारसं कधी?" म्हटलं, तुझा नातू बोलायला लागला की दोघांचं एकदमच करू. तीन वर्षांचा झाला तो. बोलले ते बरं नव्हतं. पण बरं वाटलं.

ती गेल्यावर मीठमिरच्या उतरवल्या रेडिओवरनं. चुलीत टाकल्या, ठसका म्हणून आला नाही. म्हणजे दृष्ट होतीच. कुणाची ते लिहायला नको. विरजणही दिलं तिला, ते आंबटच होतं.

२७ मे, गुरु.
घूं. पोरीचे डोळे सुजलेत. सूनबाई म्हणाली, जाऊ दे गं सुमे, एवढं काय त्यात. मी सूनबाईवर ओरडले. ती बिचारी भाकऱ्या थापत होती. आता घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, रेडिओ तर नाहीच.

मनात नवस बोलले. बोलला तर त्याची ओटी भरीन.

२९ मे, शनि.
बोलला. दिवेलागणीला. एका तारेचा डाख वरनं धरलेला, आतनं सुटा होता. सुमननं तो नव्यानं दिला, खुंटी फिरवली, आणि एक बाई गायला लागली. मग एक माणूस उसाला पाणी कसं द्यावं ते सांगायला लागला. आम्हाला सांगतोय उसाचं! सुमन रडली, सूनबाई रडली. मी अंगणात जाऊन पुणं लागलं, पुणं लागलं म्हणून चारदा सांगितलं, गोदाबाईच्या भिंतीकडं तोंड करून.

दत्तू दुसऱ्या पाळीला. उद्या ऐकेल.

एवढा आनंद मला दत्तूच्या जन्माला झाला नव्हता. खरं तेच लिहिते.

३० मे, रवि.
पहाटे सगळी उठायच्या आत ओटी भरली. सूनबाईला सांगायला हवं होतं, सवाष्ण ती. माझा हात ओटीला चालत नाही, हे जाऊन एकवीस वर्षं झाली. पण नवस बोलायला मी चालते आणि फेडायला नाही, असं कसं? रेडिओ अजून उघडाच आहे, पेटी सुताराकडं. आत एका जागी पातळ पातळ पानं आहेत, पोथीसारखी, खुंटी फिरवली की एकात एक शिरतात. तोच त्याचा पदर वाटला मला. पाच मुठी तांदूळ, हळद, कुंकू बोटं ओली करून. नारळ नव्हता, सुपारी ठेवली. मग सगळं काढलं, पदरानं पुसलं. बरा दिसत होता. लेक सासरी निघाल्यासारखा.

(दुपारी) नाही बोलला.
दत्तू धुतलेला सदरा घालून पाटावर बसला होता. सुमननं खुंटी फिरवली. घूं. परत फिरवली. खरखर. अर्धा तास. मी म्हटलं, काल बोलला रे, उसाचं सांगत होता. दत्तू म्हणाला, "मशिनीला काल नसतो, आई."
उठला. फॉर्म फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, माझा हात पोचत नाही तिथं. मुद्दाम.
जेवले नाही. कुणी विचारलं नाही म्हणून आणखी भडकले. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या, गुपचूप.

१ जून, मंगळ.
सुमन सगळा रेडिओ सुटा करून परत जोडतेय. बोटं भाजलीत. म्हटलं, दुकानदारानंच खोटा माल दिला असेल. तर म्हणते, "ती पानंबिनं दुकानातनं तयारच आलीत, आजी. चूक आसंल तर माझ्याच हाताची." जे जे तिनं केलं त्यावरच तिचा संशय. दुसऱ्या कशावर नाही. हे कुणी शिकवलं हिला? राग आला. मग आठवलं, मीच.

मला एक वाटतंय. लिहीत नाही. माझा हात

३ जून, गुरु.
सुमन आणि मी, एस्टीनं श्रीरामपूरला. रेडिओ गोधडीत, माझ्या मांडीवर. ज्यांनी सामान दिलं त्या हमीदभाईंच्या दुकानी. भांडायचं ठरवूनच गेले होते, वाटेत सगळं जुळवलं होतं. उभ्या उभ्या सुनावलं. पोरीचं वर्ष जातंय, तुमचा माल खोटा, तुम्हाला लेकीबाळी नाहीत का. त्यांनी सगळं ऐकलं. स्टूल दिलं, चहा सांगितला, बत्ती जवळ ओढली. मग चिमट्यानं त्या पानांतनं काहीतरी काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं.
"मावशी, हे आमच्या दुकानचं न्हाई."
पिवळा तांदूळ. मग आणखी एक. कुंकू लागलेला.
सुमननं तांदळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चहाकडं.
त्यांनी समजावलं. ही पानं एकमेकांत शिरतात पण शिवायची नसतात. दाण्यानं पान वाकलं, शेजारच्याला टेकलं, की रेडिओ मुका. पान सरळ केलं, ब्रशनं पुसलं, पुणं लागलं. मग आतल्या तारांकडं बघून विचारलं, डाख कुणी दिलेत? सुमन मी म्हणाली. ते म्हणाले, माझ्या कारागिराचे एवढे सुबक येत न्हाईत. हे मी तिच्याकडनं तीनदा वदवून घेतलं एस्टीत.
चौथ्यांदा तिनं दुसरंच म्हटलं. "तांदूळ अडकला, आजी. तुझा हात न्हाई अडकला."
मी खिडकीबाहेर बघितलं. राहुरी येईपर्यंत.

४ जून, शुक्र.
दत्तूनं ऐकला. सगळं गाणं ऐकलं. आणि म्हणतो काय, दुकानदारानं दुरुस्त केला, हिनं कुठं? फॉर्म फळीवरच. सुमन तांदळाचं बोलली नाही. माझ्यासाठी.
असा राग मला आजवर कुणाचा आला नाही. तो माझा माझ्यावरच आहे, म्हणून कुणावर काढताही येत नाही.

६ जून, रवि.
सांगितलं. सूनबाईसमोर.
"दत्तू, रेडिओ तिच्या हातानं न्हाई बिघडला. मी ओटी भरली त्याची."
"तू?"
"मी."
"कुंकवानं?"
व्हय म्हटलं. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. सूनबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती, मला दिसलं. मी तांदूळ पुढं ठेवला, पुरचुंडीत जपून ठेवला होता. आता वाटलं, हा ओरडणार. पण फिटर तो. म्हणाला, कुठं होता हा? सुमननं दाखवलं. त्यानं दाणा त्या पानांत ठेवला, खुंटी फिरवली. रेडिओ मुका. पान कसं सरळ करायचं ते सुमननं सांगितलं, तसं केलं. बोलायला लागला. परत दाणा, परत मुका. दोनदा करून बघितलं. मग डाख बघितले, एकेक, नखानं टोकरून. एकही हलला नाही.
उठला, फळीवरनं फॉर्म काढला, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि मळ्यात गेला. सही केली, नाही केली, हूं नाही, चूं नाही. असला घुमा माणूस माझ्या पोटी कसा आला देव जाणे. चार दिवस राहिलेत.

आत्ता सदरा खुंटीला आहे. फॉर्मचं टोक दिसतंय. लोकांच्या खिशात हात घालायची मला सवय नाही.
उद्या सदरा धुवायला मागते. मळलेला नाही, तरी.